पुण्यातील जुनी देवळे कशी पाहावीत : प्रवाशांसाठी मार्गदर्शन

पुण्यात येणारा प्रवासी बहुधा देवळांची यादी बरोबर घेऊन येतो आणि ती एकाच दिवसात संपवूनही जातो. यादी संपते, परंतु देऊळ पाहायचे राहून जाते. कारण रांगेत उभे राहून मूर्तीसमोर काही क्षण हात जोडणे आणि अडीचशे वर्षांपूर्वीची वास्तू नीट पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच वेळी करू गेल्यास दोन्ही अर्धवट होतात. म्हणून या लेखातील पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, प्रत्येक देवळात दोन फेऱ्या कराव्यात. पहिली फेरी दर्शनाची असावी. चपला बाहेर ठेवाव्यात, हातपाय धुण्याची सोय असल्यास ते धुवावेत, इतर भाविकांप्रमाणे दर्शन घ्यावे, तीर्थप्रसाद मिळाल्यास उजव्या हाताने घ्यावा आणि बाहेर यावे. त्यानंतर थोडे बसून दुसरी फेरी करावी, ती पाहणीची. या क्रमाचा व्यावहारिक लाभही आहे. आधी दर्शन घेतलेल्या माणसाने नंतर खांबांपाशी किंवा चौकटीपाशी रेंगाळले, तर गुरुजींना ते खटकत नाही, आणि पुष्कळदा तेच स्वतःहून एखादी गोष्ट दाखवतात. ज्यांची श्रद्धा नाही, त्यांनी पहिल्या फेरीत बाजूला शांत उभे राहून पूजाविधी पाहावा. देऊळ ही वापरातील वास्तू आहे, आणि तिचा वापर पाहिल्याशिवाय तिची रचना कळत नाही.

वेळ निवडताना वार आणि तिथी आधी पाहावी. सोमवारी शंकराची, मंगळवारी व संकष्टी चतुर्थीला गणपतीची आणि शनिवारी मारुतीची देवळे भरलेली असतात. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला शनिवार पेठेतील ओंकारेश्वर या शंकराच्या देवळाच्या आवारात जाऊन घुमटांची रचना अभ्यासण्याचा बेत कोणी करू नये. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत पेठांमधील रस्ते मांडवांनी व्यापलेले असतात, त्यामुळे उत्सव पाहायचा असल्यास जरूर यावे. मात्र जुन्या वास्तूंचे दर्शनी भाग पाहायचे असल्यास ते दिवस टाळावेत. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हाची गोष्ट निराळी आहे. तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या देवळात उतरते. या दोन देवळांचे मोठेपण त्यांच्या बांधकामात कमी आणि त्या मुक्कामात अधिक आहे, म्हणून गर्दी सोसूनही ती त्याच वेळी पाहावीत. एरवी साध्या वारी सकाळी सात ते दहा ही वेळ उत्तम असते. दुपारी काही देवळांचे गाभारे देवाच्या विश्रांतीसाठी बंद असतात. पुण्यात दुपारी माणसेही विश्रांती घेतात, तेथे देवाने का घेऊ नये, असे म्हणून प्रवाशानेही तो वेळ जेवणाला द्यावा.

पाहणीची फेरी बाहेरून आत करावी. बहुतेक लोक थेट गाभाऱ्याकडे जातात आणि परत फिरताना घाईत असल्यामुळे शिखराकडे मान वर करून पाहतही नाहीत. प्रथम देवळाभोवती शक्य तितक्या लांबून एक चक्कर मारावी आणि वास्तूचा कोणता भाग कशाचा बनलेला आहे, हे ठरवण्याचा प्रयत्न करावा. पुण्यातील पेशवेकालीन देवळांत साधारणपणे तीन प्रकारचे काम एकत्र आढळते. गाभारा काळ्या दगडाचा असतो, त्यावरील शिखर विटा आणि चुनेगच्चीचे, म्हणजे चुन्याच्या पक्क्या गिलाव्याचे, असते, आणि पुढील सभामंडप सागवानी लाकडाचा असतो, ज्यात सुरूच्या झाडाच्या आकाराचे निमुळते खांब व त्यांना जोडणाऱ्या महिरपी दिसतात. हे तीन भाग नेहमी एकाच वेळी बांधलेले नसतात. गाभारा जुना, मंडप नंतरच्या पिढीचा आणि फरशी व रंग आपल्या डोळ्यांदेखतचा, असे थर एकदा ओळखता येऊ लागले की साधे वाटणारे देऊळही पाहण्यासारखे होते. शिखरावरील कोनाड्यांत चुन्यात घडवलेल्या देवदेवतांच्या व संतांच्या मूर्ती असतात. डोळ्यांनी स्पष्ट दिसत नसल्यास लहान दुर्बीण जवळ ठेवावी. या मूर्तींवर अलीकडे तैलरंगाचे जाड हात दिलेले अनेक ठिकाणी आढळतात. चुन्याच्या कामातील ओल बाहेर पडण्याची वाट अशा रंगाने बंद होते आणि नाजूक कोरीवकाम बुजते, ते वेगळेच. जीर्णोद्धाराच्या उत्साहापुढे हे सांगणे फारसे कोणाला आवडत नाही. पण पाहणाऱ्याने तरी मूळ काम आणि वरचा रंग यांत भेद करावा.

आत शिरताना उंबऱ्यापाशी थांबावे. दाराच्या चौकटीवर मधोमध असलेली गणेशपट्टी, दोन्ही बाजूंचे द्वारपाल, उंबऱ्यावरील कीर्तिमुख (कोरलेला उग्र चेहरा) आणि शंकराच्या देवळात सभामंडपाच्या फरशीत बसवलेले कासव या गोष्टी गर्दीत पायाखालून निघून जातात. उंबऱ्यावर पाय देऊ नये, तो ओलांडावा. शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी ज्या गोमुखातून बाहेर पडते, तेथपर्यंत जाऊन उलट फिरतात, कारण ती पन्हळ ओलांडायची नसते. नंदी आणि पिंडी यांच्या मधून आडवे जाणेही लोक टाळतात. गाभाऱ्यात प्रवेश आहे किंवा नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि सोवळ्याचे नियमही निरनिराळे असतात, म्हणून अंदाज न बांधता ‘गुरुजी, आत आलेले चालेल का?’ असे सरळ विचारावे. नकार मिळाल्यास वाद घालू नये.

पेठांमधील एका सकाळची फेरी कसबा गणपतीपासून सुरू करणे सोयीचे आहे. मेट्रोचे कसबा पेठ स्थानक येथून जवळ आहे आणि स्वतःची गाडी या गल्ल्यांत आणण्याचा हट्ट कोणीही करू नये. हे पुण्याचे ग्रामदैवत आहे आणि जिजाबाई व बालशिवाजी पुण्यात राहावयास आले त्या काळाशी परंपरेने या देवळाचा संबंध जोडला जातो. गाभाऱ्यात घडवलेली मूर्ती शोधू नये. येथील गणपती शेंदराचे थर चढलेला तांदळा, म्हणजे न घडवलेल्या गोलसर दगडाच्या रूपातील देव, म्हणून ओळखला जातो. दगडी गाभारा व त्यापुढील लाकडी सभामंडप यांतील फरक वर सांगितल्याप्रमाणे येथे प्रथम ओळखून पाहावा, म्हणजे पुढील देवळांत नजर आपोआप तिकडे जाते.

तेथून नागझरीच्या ओढ्यापलीकडे सोमवार पेठेत चालत जावे आणि त्रिशुंड गणपतीला भरपूर वेळ द्यावा. पुणे शहरात एकच देऊळ पाहण्याइतका वेळ असेल, तर माझी निवड हीच राहील, पर्वतीची किंवा प्रसिद्ध गणपतींची नव्हे. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये याचे बांधकाम सुरू केले आणि १७७० मध्ये गणपतीची स्थापना झाली. पुण्यातील इतर पेशवेकालीन देवळे बाहेरून साधी असतात. याचा संपूर्ण दर्शनी भाग मात्र काळ्या दगडात दाट कोरलेला आहे, आणि त्यावर नेहमीचे शिखरही नाही. चढून जाण्यापूर्वी समोर उभे राहून खालपासून वरपर्यंत नजर फिरवावी. द्वारपाल, गजलक्ष्मी, झुंजणारे प्राणी आणि पक्षी यांच्यामध्ये एक विलक्षण शिल्प आहे : बंदुका घेतलेले परदेशी वेषातील शिपाई एकशिंगी गेंड्याला साखळदंडाने बांधत आहेत. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल ताब्यात घेतल्याचे हे चित्र असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. तो खरा असो वा नसो, पुण्यात गेंडा पाहिलेला पाथरवट कोठून आला असेल, हा प्रश्न दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला पडतो. कारागिरीवर माळवा, राजस्थान आणि दक्षिण अशा निरनिराळ्या प्रदेशांची छाप दिसते. देशभर हिंडणाऱ्या गोसावी पंथाच्या लोकांनी बांधवलेल्या वास्तूत हे असणे स्वाभाविक आहे.

आत मोरावर बसलेली, तीन सोंडांची मूर्ती आहे. परंतु तिच्यावर शेंदूर असल्यामुळे सोंडा कोठे वळल्या आहेत हे पाहण्यास थोडा वेळ लागतो. गाभाऱ्याच्या भिंतीवर तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. एका गणपतीच्या देवळात फारसी लेख का असावा, असे नवख्या प्रवाशाला वाटते. अठराव्या शतकात कारभाराच्या व्यवहारात ती भाषा सर्वत्र चालत होती, हे लक्षात घेतल्यास आश्चर्य राहत नाही. गाभाऱ्याखाली तळघर आहे आणि त्यात गोसावी गुरूंची समाधी आहे. ते एरवी बंद असते आणि गुरुपौर्णिमेला उघडले जाते, म्हणून इतर दिवशी ते पाहू देण्याचा आग्रह धरू नये. देवळाच्या मागच्या भिंतीवरील लिंगोद्भवाचे, म्हणजे शंकर लिंगरूपात प्रकट झाल्याच्या कथेचे, शिल्प पाहिल्याशिवाय मात्र निघू नये. गल्ली अरुंद आहे आणि आसपास लोक राहतात. त्यामुळे मोठ्या गटाने येऊन आरडाओरडा करणे टाळावे.

त्याच पेठेत नागेश्वराचे देऊळ आहे. पेशवाईच्या आधीपासून असलेल्या शहरातील थोड्या देवळांपैकी ते एक असून, दगडी गाभारा आणि त्यापुढे नंतर जोडलेला लाकडी मंडप यांची सांधणी येथे विशेष स्पष्ट दिसते. अशा देवळांना वाटाडे सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडल्या गेलेल्या या पद्धतीत घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत अडकवून रचलेले असतात. पुण्यात काळ्या दगडाचे कोणतेही जुने देऊळ या नावाने दाखवले जाते, म्हणून सांध्यांत चुना दिसतो का, हे आपण स्वतः तपासावे.

बुधवार पेठेतील तांबडी जोगेश्वरी, बेलबाग आणि तुळशीबाग ही देवळे एका ओळीत होतात. जोगेश्वरी ही ग्रामदेवता असून नवरात्रात तेथे पाय ठेवण्यास जागा नसते. बेलबागेतील विष्णूचे देऊळ नाना फडणविसांचे. तुळशीबागेत खरेदीसाठी येणाऱ्यांपैकी अनेकांना आत राममंदिर आहे हे ठाऊक असते, पण ते पाहिलेले नसते. दुकानांच्या गर्दीतून कमानीखालून आत गेले की मोठे फरसबंद आवार लागते. पेशव्यांचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये या देवळाचे काम सुरू केले. पानिपतचे ते वर्ष. येथील उंच शिखर हेच मुख्य आकर्षण आहे आणि ते आवाराच्या कोपऱ्यातून सर्वांत चांगले दिसते. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी गेल्यास कमान, आवार आणि शिखर यांचा परस्परसंबंध कळतो. दुपारनंतर कानातल्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांमधून देऊळ शोधावे लागते.

वाट विचारताना देवळाचे रूढ नाव घ्यावे. पुण्यात मारुती आणि विठोबा इतके आहेत की नुसते ‘मारुतीचे देऊळ’ विचारल्यास उत्तरादाखल ‘कोणता?’ एवढेच ऐकू येईल. जिलब्या, भिकारदास, डुल्या, पत्र्या हे सर्व मारुती आणि पासोड्या, निवडुंग्या, उपाशी हे विठोबा. ही नावे थट्टेची वाटली तरी लोक ती आदरानेच घेतात, त्यामुळे ऐकून हसत सुटणे बरे दिसत नाही.

संध्याकाळी शनिवार पेठेत मुठेच्या काठावर ओंकारेश्वर गाठावे. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळात १७३६ ते १७३८ या वर्षांत हे देऊळ उभे राहिले आणि त्याच्या आवारात त्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांची समाधी आहे, जी पाहिल्याशिवाय लोक परत जातात. आत गेल्यावर छताकडे पाहावे, कारण येथील बांधणीचे वैशिष्ट्य म्हणजे नऊ घुमटांची रचना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांबरोबर या देवळातही पाणी शिरले होते. दगडी बांधकाम टिकून राहिले. भिंतींची जाडी आणि नदीच्या बाजूची तटबंदी पाहिल्यास त्याचे कारण लक्षात येते.

पाताळेश्वर आणि पर्वती यांच्यासाठी दुसरा दिवस ठेवावा. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर हे बांधलेले देऊळच नव्हे. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, एकाच खडकात ते वरून खाली कोरत नेले आहे, म्हणून ते रस्त्याच्या पातळीखाली आहे. पेठांमधील देवळांत ज्या नजरेने दगडांचे सांधे शोधले, त्याच नजरेने येथे सांधे शोधावेत; ते सापडत नाहीत. अंगणातील गोल नंदीमंडपाचे छत्रीसारखे जाड छत आणि त्याखालचे खांब हे सर्व मूळ खडकाचेच भाग आहेत. येथे प्रश्न काय उभारले याऐवजी काय काढून टाकले, असा विचारावा. चौकोनी खांबांच्या ओळी जवळजवळ कोऱ्या आहेत, भिंतींवर काही ठिकाणी छिन्नीचे घाव आणि अर्धवट सोडलेले काम दिसते. लेणे पूर्ण झाले नाही हे त्यावरून कळते आणि कोरण्याची पद्धतही त्यामुळेच समजते, जी पूर्ण झालेल्या लेण्यात लपून जाते. मागील बाजूस तीन गाभारे असून मधल्यात पिंडी आहे. बाजूच्या गाभाऱ्यांतील मूर्ती लेण्याच्या काळाच्या नाहीत, हे दगड व घडण पाहून सहज ओळखता येते. ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आणि तरीही तेथे रोज पूजा होते. खांबांना तेल, कुंकू किंवा हळद लावू नये. नावे कोरणाऱ्यांना तर काही सांगण्यात अर्थ नसतो, तेथे पहारेकऱ्यालाच बोलवावे. शेजारीच जंगली महाराजांचे समाधिमंदिर आहे. ते आधुनिक काळातील असले तरी दोन्ही एकापाठोपाठ पाहणे सोयीचे पडते.

पर्वतीला पहाटे जावे, कारण १०३ पायऱ्या चढताना ऊन नको असते आणि त्या वेळी टेकडीवर रोज फिरायला येणारी मंडळी असल्यामुळे सोबतही मिळते. पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत. हत्ती चढावेत म्हणून त्या तशा केल्या, असे सांगतात. पावसाळ्यात त्या निसरड्या होतात, म्हणून उतरताना घाई करू नये. वरचे देवदेवेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधवले. मध्ये शंकर आणि चार कोपऱ्यांत सूर्य, गणपती, देवी व विष्णू यांची छोटी देवळे, अशी ही पंचायतनाची मांडणी आहे. ती समजण्यासाठी आवारात एक पूर्ण चक्कर घालावी लागते. पानिपतच्या पराभवानंतर नानासाहेबांचा १७६१ मध्ये येथेच मृत्यू झाला आणि १८१७ च्या खडकीच्या लढाईत आपल्या सैन्याची हार दुसऱ्या बाजीरावाने येथूनच पाहिली. टेकडीवरून खडकीच्या दिशेला पाहिल्यास हे अंतर किती आहे याचा अंदाज येतो. एक गोष्ट मात्र वाटाडे क्वचितच सांगतात. १९२९ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह केला होता आणि सत्याग्रहींना मारहाण झाली होती. आज त्याच पायऱ्या कोणीही चढू शकतो. पर्वतीचा इतिहास फक्त पेशव्यांपुरता सांगितला, तर तो अर्धाच सांगितला जातो.

छायाचित्रांबाबत थोडक्यात सांगता येईल. गाभाऱ्यातील मूर्तीचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, झगझगीत प्रकाश टाकू नये आणि पूजा करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरू नये. शिल्पांच्या छायाचित्रांसाठी तिरपा प्रकाश लागतो, त्यामुळे सकाळी लवकर किंवा उन्हे कलताना काढलेली छायाचित्रे चांगली येतात. कपड्यांचे कडक नियम पुण्यातील बहुतेक देवळांत नाहीत. खांदे व गुडघे झाकणारे साधे कपडे कोठेही चालतात. चपला काढण्याची सोय नसते तेथे फुलवाल्या मावशी त्या सांभाळतात. त्यांच्याकडून हार किंवा बेल घेण्याचा शिष्टाचार पाळावा. उन्हाळ्यात फरसबंद आवार दुपारी अक्षरशः पोळते, म्हणून जाड मोजे जवळ असू द्यावेत. दक्षिणा द्यायची असल्यास दानपेटीत टाकावी.

शहराबाहेर जाण्यास एक दिवस असल्यास अष्टविनायकाच्या घाईच्या सहलीपेक्षा भुलेश्वर निवडावे, असा माझा सल्ला आहे. सोलापूर रस्त्यावर यवतजवळून फाटा फुटतो आणि पुण्यापासून सुमारे ५० ते ५५ किलोमीटरवर, पुरंदर तालुक्यातील माळशिरसजवळच्या डोंगरावर हे यादवकालीन देऊळ आहे. बाहेरून घुमट व मिनारांसारखे बांधकाम दिसत असल्यामुळे आत काय असेल याची कल्पना येत नाही. सतराव्या शतकात या डोंगरावर दौलतमंगळ नावाचा किल्ला बांधला गेला, त्यामुळे देवळाचे बाह्यरूप आणि अंतर्भाग वेगवेगळ्या काळांचे आहेत. आत अंधार असतो, आणि त्या अंधारात भिंतींवर रामायण-महाभारतातील प्रसंग, सुरसुंदरी आणि देवदेवता कोरलेल्या आहेत. विजेरी बरोबर न्यावी आणि तिचा प्रकाश शिल्पावर समोरून न टाकता एका बाजूने टाकावा, म्हणजे कोरीवकाम उठून दिसते. स्त्रीरूपातील गणेशाचे शिल्प येथे आहे. ते न सापडल्यास गुरुजींना किंवा तेथील गुरवांना विचारावे. अनेक मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. पाहणाऱ्याने हात लावून त्यात भर घालू नये, कारण घामाचा हातही दगडाला काळा आणि गुळगुळीत करतो. डोंगरावर सावली व पाण्याची सोय मर्यादित आहे, वर थेट एसटी मिळेल असे गृहीत धरू नये आणि स्वतःची गाडी नसल्यास यवतहून रिक्षा ठरवताना परतीचेही आधीच ठरवून घ्यावे; जेवण मात्र खाली महामार्गावर मिळते.